डबक्यातले एकशे बारा

मालवणला जाऊन आलो म्हटलं की लोक तीन प्रश्न विचारतात. किल्ला पाहिला का, पाण्याखाली गेलात का, मासे कसे होते. माझी उत्तरं अशी: किल्ला किनाऱ्यावरून पाहिला, पाण्याखाली गेलो नाही, बांगडा चांगला होता. चार दिवसांतला बराचसा वेळ मी एका डबक्यापाशी काढला. लांबी चार फूट दोन इंच, रुंदी दोन फूट नऊ इंच, सगळ्यात खोल जागी पाच बोटं पाणी. मापं मी स्वतः घेतली आहेत. ज्यांना किल्ल्याचं वर्णन हवं असेल त्यांनी इथेच थांबावं. पुढे मी रागावलेला आहे, आणि त्या रागातला मोठा वाटा माझ्या स्वतःच्या नावावर आहे.

घाट उतरून

मी सांगलीकडचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सव्वीस वर्षं काम करतो. भरलेल्या गाडीचं वजन, वजा रिकाम्या गाडीचं वजन, म्हणजे ऊस. जे काट्यावर येत नाही ते नाही, असं मानण्याची सवय लागून गेली आहे. बायको सुमती मालवणकडची. तिचं माहेर मालवणपासून तेरा किलोमीटरवर, आत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मेहुणा हे वाचणार आहे.

गेल्या भाद्रपदात त्या मेहुण्याचा, दत्ताचा, फोन आला. घरामागचा सडा चिरेखाणीला, म्हणजे बांधकामाचे दगड कापून काढायला, द्यायचा होता. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वर माती नाहीच म्हटलं तरी चालेल. पावसाळ्यात गवत उगवतं, बाकीचे आठ महिने नुसता तापलेला काळा दगड. सातबारावर त्याची नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी, अशी. जमीन सामाईक असल्याने सगळ्या हिस्सेदारांची संमती लागत होती. इतरांच्या सह्या झाल्या होत्या, राहिली होती फक्त सुमतीची. गणपती गेले होते आणि पितृपक्ष तोंडावर आला होता. एकदा म्हाळ सुरू झाले की दत्ता कागदाला हात लावणार नव्हता. म्हणून आम्ही लगोलग निघालो. करूळ घाट उतरून वैभववाडी, मग कणकवली, मग गाव. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घरी पोचलो तर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं तयार होतं. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा देतात आणि मग जेवायचं विचारतात. इथे आधी पाटावर बसवतात आणि विचारत काहीच नाहीत. मी सहा आंबोळ्या खाल्ल्या.

"भावजी, चला, सडो दाखवतंय," दत्ता म्हणाला.

वर गेलो. दत्ता हद्दी दाखवत होता, मी पावलांनी अंतर मोजत होतो. सड्यावर जागोजागी खळगे होते आणि त्यांत पावसाचं पाणी साठलेलं होतं. घराच्या बाजूला सगळ्यात जवळ असलेल्या खळग्यात मी वाकून पाहिलं. पाण्यात शेकड्यांनी काहीतरी वळवळत होतं.

आमच्या गल्लीत डेंग्यूने दोन वर्षांपूर्वी चार माणसं आजारी पडली होती, त्यात मीही होतो. तेव्हापासून दर रविवारी आमच्या घरातली सगळी भांडी, टाक्या, कुंड्यांखालच्या बशा मी स्वतः कोरड्या करतो. साचलेलं पाणी आणि त्यात हालचाल, म्हणजे डास. यात विचार करण्यासारखं काय आहे? दत्ताच्या गोठ्यात पंपाचं जळकं ऑइल बाटलीत होतं. संध्याकाळी कुणाला न सांगता मी अर्धा लीटर नेलं आणि डबक्यात ओतलं. पाण्यावर निळी-जांभळी साय पसरली. परत येताना शेवाळावरून घसरून मी बसकण मारली, चपलेचा अंगठा तुटला, तरी चांगलं काम केल्याच्या समाधानात घरी आलो. हे समाधान लिहायची मला लाज वाटते, म्हणूनच लिहितो आहे.

काकीचा आरडाओरडा

सकाळी चहा घेताना सड्यावरून ओरडणं ऐकू आलं. पार्वती काकी होती, सुमतीची चुलती. वय चौऱ्याहत्तर, शेजारच्या खोलीत एकटी राहते, दत्ताकडे जेवते, रोज गाईसाठी सड्यावरचं गवत कापून आणते. आम्ही वर धावलो. काकी कोयता टेकून डबक्यापाशी उभी होती.

"कोणी केल्यान ह्यां? कोणी तेल ओतल्यान?"

"मी ओतलं, काकी. डासांच्या अळ्या होत्या."

"डास? डोळे खंय ठेवलेलात, कारखान्यात?"

"पाण्यात वळवळत होतं ना."

"तुमी पण वळवळतास. तुमच्यार कोणी तेल ओतल्यान काय?"

सुमती हसू दाबायला पाठमोरी झाली. काकी हसत नव्हती.

"चावली काय ती तुमका?"

"नाही."

"रगात पिली?"

"नाही."

"मगे?"

मी तेलाच्या सायीकडे पाहिलं.

काकीने मला वीसेक पावलं पुढे दुसऱ्या डबक्यापाशी नेलं. "पाय जपान टाका, काल पडलात तां बघितलंय मी," म्हणाली. मग कोयत्याच्या टोकाने पाण्याकडे खूण केली. "बसा. घाई करू नकात. डोळ्यांक वेळ लागता."

बसलो. वाचायचा चष्मा लावला. आधी नुसतं पाणी दिसलं, मग तळाचा तांबडा दगड, आणि त्यानंतर ते दिसले. बोटाच्या एका पेरापेक्षा मोठा त्यांतला कुणी नव्हता. अंग काचेसारखं, आरपार. आत एक हिरवट धागा, म्हणजे खाल्लेलं अन्न. डोक्याच्या दोन बाजूंना बारीक दांड्यांवर काळे डोळे. शेपटीचं टोक गुंजेसारखं लाल. आणि सगळेच्या सगळे उताणे पोहत होते. पोट आभाळाकडे, पाय वर, आणि त्या पायांतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सारखी लाट जात होती. उभ्या जोंधळ्याच्या रानावरून वारा जातो तशी. मी फोनवर संथ चित्रण घेतलं आणि पाय मोजले. अकरा जोड्या. तीन जणांचे मोजले, तिघांच्याही अकरा. काहींच्या पोटाखाली पिशवी होती आणि तिच्यात खसखशीएवढी अंडी.

"नाव काय यांचं?"

"नाव? उताणी. पाठीर पेवतत म्हणान. आमी उताणी म्हणतो."

"पाणी आटल्यावर कुठे जातात?"

"खंय जातली? मरतत. खळग्यात माती तेवडी ऱ्हवता. मगे पुढल्या वर्साक पाऊस लागलो की परत हाजीर."

नंतर घरी येऊन वाचलं. त्यांची अंडी त्या चिमूटभर मातीत कोरडी पडून राहतात, तापतात, भाजतात, आणि पाणी आलं की फुटतात. एखाद्या वर्षी पाणी आलं नाही तरी वाट बघत थांबतात. आमच्या कारखान्यात बॉयलर चार महिने बंद राहिला तर तो परत चालू करायला माणसं बोलवावी लागतात.

तेव्हा मी काकीला तो प्रश्न विचारला. "पण काकी, त्यांचा उपयोग काय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वेडा असावा. "उपेग? बघूक बरा वाटता. आनी काय व्हया?"

मोजणी

त्या दिवशी मालवणच्या बाजाराला जायचं ठरलं होतं. मी गेलो नाही. सुमतीची चहाची गाळणी, जुनी वर्तमानपत्रं आणि एक फाटकं सुती लुगडं घेऊन पहिल्या डबक्यापाशी बसलो. कागद पाण्यावर अलगद टेकवायचा, तेल चिकटलं की उचलायचा. तीन तास लागले. तरी कडेच्या दगडाला तवंग राहिलाच. मग गाळणीने तळ काढला. मेलेले मऊ पडले होते, पण आकार शाबूत होता. सागाच्या पानावर दहा-दहाच्या ओळी लावल्या. अकरा ओळी झाल्या आणि वर दोन. शिवाय बेडकाची नऊ पिल्लं, ती वेगळी धरली. डासाची अळी एकही नव्हती. दोनदा तपासलं. एकही नव्हती.

डबक्याच्या कडेने दगडाच्या भेगेत सीतेच्या आसवांची जांभळी फुलं होती, तीळभर. आदल्या दिवशी मी त्यांच्यावर पाय देऊन उभा होतो, ते माझ्या चपलेच्या ठशावरून कळलं.

सुमती माझ्यामागे येऊन कधी उभी राहिली ते समजलं नाही. ती पानाकडे बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "मी लहानपणी काकीबरोबर रोज इथे यायचे. हे कधी बघितलं नाही."

"मी बघितलं आणि मारलं. कोणतं वाईट?"

तिने पान उचललं, गवतात नेऊन उपडं केलं आणि हात पुसले.

जेवताना दत्ताने थट्टा केली. "भावजी, वजन किती भरला? क्विंटलात सांगा!"

मी हसलो नाही. मग तो गंभीर झाला आणि त्याचं म्हणणं मांडलं. ते इथे प्रामाणिकपणे लिहितो. "सड्यार काय पिकता सांगा. गवात. तां कापूक माणूस गावना नाय. काकी आसा तवसर कापतली, मगे? मी बारा म्हयने ह्याच दगडाकडे बघीत बसू काय? कामाक येवंदे बापडो." तो लबाड माणूस नाही. काजूची बाग एकटा राखतो, चुलतीला दोन वेळ जेवू घालतो. त्याचं चुकतं असं मला तेव्हा म्हणता आलं नाही, कारण आदल्या दिवसापर्यंत मी अगदी तसंच म्हणालो असतो.

पण राग आला तो आला. माझ्या घरच्या दीड एकरावर इतकी वर्षं खत आणि औषध ओतल्यावर आता फावडं मारलं तर गांडूळ निघत नाही. त्या जमिनीला कागदावर बागायत म्हणतात. आणि हा सडा, ज्याच्या प्रत्येक खळग्यात एक अख्खं गाव उताणं पोहतं आहे, तो पोटखराब. ही नोंद कुणी केली? जो वर चढून आला आणि वाकला नाही त्याने. माझ्यासारख्याच कुणीतरी.

किनाऱ्यावर

तिसऱ्या दिवशी दत्ताने आग्रहाने मालवणला नेलं. खाणावळीत बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. आमच्याकडे ताक शेवटी भातावर घेतात. इथे सोलकढीच्या वाटीसाठी लोक दुसऱ्यांदा भात मागतात, आणि बरोबर करतात. इतकं चांगलं जेवण झाल्यावर माणसाने शांत असायला हवं.

ओहोटी होती. ओल्या वाळूवर वाटाण्याच्या निम्म्या आकाराच्या गोळ्यांची नक्षी पसरली होती. मधे एक बारीक भोक, आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या गोळ्यांच्या रांगा. मसुरीएवढे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं चाखतात, उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात, आणि पुन्हा पुढची. एका भोकाभोवतीच्या गोळ्या मी मोजायला घेतल्या. दोनशे सदतीसपर्यंत पोचलो आणि पर्यटकांची चारचाकी मोटारसायकल त्यावरून गेली. वळून परत आली, पुन्हा गेली.

मी हात आडवा करून ती थांबवली. चालवणारा गावचाच तरुण होता, मागे पर्यटक बसलेला.

"खाली बघ काय आहे!"

"वाळू आसा, काका."

"खेकडे आहेत. ही नक्षी त्यांनी केलेली आहे."

"भरती इली की सगळा पुसून जाताच मां?"

उत्तर हुशारीचं होतं. भरती वेळेवर येते, तोवर खेकडे भोकात जाऊन वरून झाकण लावून बसतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी नुसताच ओरडलो. मागचा पर्यटक म्हणाला, "काका, चिल." दत्ताने माझा दंड धरला आणि मला बाजूला नेलं. "भावजी, लोकां बघतत," तो म्हणाला. लोक बघत होतेच. वाळूकडे मात्र कुणी बघत नव्हतं.

परतताना दत्ताने गाडी शेजारच्या गावातल्या खाणीवर थांबवली. खाण कशी नीट, चौकोनी काढतात ते मला आवडेल असं त्याला वाटलं. आवडलंही असतं, आठवडाभरापूर्वी. तीस हात खोल खड्डा, भिंती करवतीने कापल्यासारख्या, तळाला हिरवं पाणी आणि टाकून दिलेला टायर. मी उतरून टायरमधलं पाणी तळहातावर घेतलं. डोकं खाली, शेपूट वर, झटके देत हलणाऱ्या अळ्या. माझे डास मला अखेर सापडले. इथे तेल घेऊन कुणी आलं नव्हतं.

खळ्यात

चौथ्या दिवशी सकाळी मी काकीबरोबर गवताला गेलो. विचारलं, "काकी, तुम्ही सही का केलीत?"

"दत्ता जेवाक घालता माका. तो म्हणालो सही कर, मी केलंय. माका इचारूक कोण बसलो हा?" मग भारा बांधत म्हणाली, "तुमी सुमेक कायएक सांगू नकात. भाव-भैणीत माती पडता."

मी सुमतीला खरंच काही सांगितलं नाही. रात्री तिने विचारलं होतं, "काय करू?" मी म्हणालो होतो, "जमीन तुझी, सही तुझी. तेल ओतलेल्या माणसाला विचारू नकोस." एवढंच.

दहा वाजता दत्ताने खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, खुर्ची टाकली, पाटावर कागद ठेवला आणि पेन पुढे केलं. काकी दारात तांदूळ निवडत होती. सुमतीने कागद वाचला. दोनदा वाचला. मग आमच्या लग्नानंतर माझ्यासमोर क्वचितच बोलते त्या बोलीत म्हणाली, "दादा, काकीक इचारलंस?"

"काकीची सही झाली. ही बघ."

"सही बघितलंय. इचारलंस काय, तां सांग."

काकी मान वर न करता म्हणाली, "माका कित्याक मधी ओढतंस गो? माका काय, बघूक बरा वाटता, इतक्याच."

सुमतीने पेनाला टोपण लावलं आणि कागदावर ठेवलं.

"सुमे, दोन किड्यांसाठी भावाक पाठ दाखवतंस?"

"दोन नाय, दादा. एकशे बारा. माझ्या घोवान मारल्यान आनी घोवानच मोजल्यान."

दत्ताने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो शिवी देईल. त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि गोठ्यामागे निघून गेला. आम्ही निघालो तेव्हाही तो तिथेच होता. सुमतीची ओटी काकीने भरली. नारळ, निवडलेले तांदूळ आणि आबोलीचा एक वळेसर, म्हणजे गजरा. गाडीत बसताना काकीने खिडकीतून माझ्या मनगटाला धरलं. मी विचारलं, "तेलाच्या खळग्यात आता उताणी येतील का?"

"इली तर इली. मी कसा सांगू?"

घाट चढेपर्यंत सुमतीने ओटीचा नारळ मांडीवर धरून ठेवला. दिवाळीत भाऊबीजेला दत्ताचा फोन आला नाही. तिने ताट तयार केलं, अंगणात गेली आणि चंद्राला ओवाळून आली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका असं करतात. तिला भाऊ आहे.

मला भेटणारे लोक म्हणतात, एवढ्याशा किड्यांवरून घरात वैर घेतलं? 'एवढ्याशा' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आकार हेच माप असेल तर सगळ्यात थोर प्राणी आमच्या काट्यावर उभा राहणारा ट्रक ठरेल. मी सव्वीस वर्षं वजनं केली आणि मला काटा कुठे लावायचा तेच कळत नव्हतं.

आषाढ

हे सगळं मी लिहिणार नव्हतो. गेल्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. नंबर दत्ताचा. मी उचलला तर पलीकडे तो बोललाच नाही. फोन कुणाच्या तरी हातात दिल्याचा आवाज आला, मग काकी, दूरच्या माणसाला हाक मारावी तशा मोठ्या आवाजात:

"जावयानू! तेलाच्या खळग्यात इली हां!"

"किती?"

"इली म्हणतंय मां!"

आणि मागून दत्ताचा आवाज, दहा महिन्यांनी पहिल्यांदा: "मोजून सांग गो, त्या घाट्याक आकडो लागता!"

ती सड्यावरच उभी होती, पावसाचा आवाज येत होता. मग काकी सावकाश, एकेक बोट मोडत असल्यासारखी म्हणाली, "सात. सातच आसत."

मी फोन सुमतीकडे दिला. ती भावाशी बोलली की नाही ते मी विचारलेलं नाही. कागद अजून त्याच्या खिशात आहे, सही अजून झालेली नाही, आणि खाणवाला पुन्हा येऊन गेल्याचं कळतं.

शेजारच्या डबक्यात, ज्यात मी हात घातला नव्हता, काकीला मोजता येणार नाहीत इतके आहेत. माझ्या डबक्यात सात. एकशे बारा वजा सात, एकशे पाच. ते एकशे पाच अजून माझ्याकडे बाकी आहेत.